‘सुतासारखा सरळ होऊन येईल’: मुलाला परदेशी ‘प्रोग्रॅम’ला पाठवण्याआधी

“वर्षभर तिकडे राहू द्या, पोरगं सुतासारखं सरळ होऊन येईल.” हे वाक्य आपल्याकडे पूर्वी पाचगणीच्या बोर्डिंगबद्दल नाहीतर एखाद्या कडक मामाबद्दल बोललं जायचं. आता नागपूरच्या धरमपेठेत किंवा मनीषनगरातही एखाद्या घरात ते युटा, माँटाना किंवा जमैकाच्या पत्त्यासकट ऐकू येतं. सांगणारा बहुधा अमेरिकेतला नातेवाईक असतो. सोबत वेबसाइटची लिंक येते आणि तिच्यावर डोंगर, घोडे, शेकोटीभोवती हसणारी मुलं. इकडे घरात पोरगा सोळाचा, कोचिंगला सहा महिने दांडी, खोलीला आतून कडी, दप्तरात गांजाची पुडी, आणि परवा आईवर हात उगारलेला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तशी ती लिंक वाटते. त्याबद्दल आई-बापांना बोल लावण्यात अर्थ नाही. पण त्या हसऱ्या फोटोंमागे यंत्रणा कशी चालते, कुठे बिघडते, आणि सही करण्याआधी काय तपासायचं हे मराठीत नीट लिहिलेलं सापडत नाही, म्हणून ही पोस्ट.

शाळा म्हणावी की दवाखाना?

अमेरिकेत या धंद्याला ‘ट्रबल्ड टीन इंडस्ट्री’ असंच नाव पडलंय. ढोबळ प्रकार तीन. ‘वाइल्डरनेस थेरपी’ म्हणजे आठ ते बारा आठवडे रानात, पाठीवर सामान, रात्री ताडपत्रीखाली झोप. ‘थेरप्यूटिक बोर्डिंग स्कूल’ किंवा ‘रेसिडेन्शियल ट्रीटमेंट सेंटर’ म्हणजे नऊ महिने ते दीड वर्ष कुंपणाच्या आत. तिसरा प्रकार लष्करी थाटाचे बूट कॅम्प. पहिल्यातून दुसऱ्यात ढकलण्याची रीत ठरलेली आहे. दहावा आठवडा आला की फोन येतो, “प्रगती छान आहे, पण आत्ता घरी नेलंत तर सगळं पाण्यात.” तोवर एवढे पैसे गेलेले असतात की नाही म्हणवत नाही.

मुळात ही जागा आहे काय, हे शोधायला नागपुरात बसून एक सोपी कसोटी लावता येते. पैसे परदेशी पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरावा लागतो आणि रक्कम कशासाठी चालली ते लिहावं लागतं: शिक्षण की वैद्यकीय उपचार. मग प्रोग्रॅमवाल्यांना ई-मेलवर विचारा, “मी काय लिहू?” शाळा म्हणाले तर अमेरिकेत परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी परवानगी हवी, त्यांनी आय-ट्वेंटी (प्रवेशाचं अधिकृत पत्र) द्यायला हवा आणि मुलाला एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसा लागेल. दवाखाना म्हणाले तर बी-टू व्हिसावर उपचारासाठी जाता येतं, पण त्याला इथल्या डॉक्टरांचं निदान आणि तिथल्या डॉक्टरांचं किंवा संस्थेचं, उपचार किती दिवस नि खर्च किती ते लिहिलेलं पत्र लागतं. दोन्हीपैकी काहीच न देता “टुरिस्ट व्हिसा काढा, पुढचं आम्ही बघतो” असं उत्तर आलं, तर विषय तिथेच संपवावा. शिक्षण खात्याने विचारलं की ‘आम्ही उपचार केंद्र’ आणि आरोग्य खात्याने विचारलं की ‘आम्ही शाळा’, या फटीतच हा धंदा वाढला.

देश बदलला की फट आणखी रुंद होते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतःच्याच नागरिकांना सांगतं की परदेशातल्या अशा केंद्रांवर अमेरिकी सरकारचा अधिकार चालत नाही. मग अमेरिकी कंपनी, जमैकातली जागा आणि नागपूरचं मूल या त्रिकोणात जबाबदार कोण, ते तुम्हीच ठरवा.

पायऱ्यांची पद्धत

या सगळ्याचं मूळ सिनॅनॉन नावाच्या व्यसनमुक्ती पंथात आहे. तो १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झाला. गोल करून बसायचं, एकाला मध्ये घ्यायचं आणि सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं, तो रडेपर्यंत. या प्रकाराला ते ‘गेम’ म्हणत. पंथ बुडाला, पद्धत मात्र वेगवेगळ्या नावांनी पोरांच्या केंद्रांत उतरली.

परदेशी केंद्रांचं सर्वांत चांगलं नोंदलेलं उदाहरण म्हणजे युटामधल्या ‘वर्ल्ड वाइड असोसिएशन ऑफ स्पेशल्टी प्रोग्रॅम्स’ची साखळी. तिच्याशी जोडलेलं सामोआतलं पॅराडाइज कोव्ह १९९८ मध्ये बंद झालं. झेक प्रजासत्ताकातलं मोराव्हा ॲकॅडमी त्याच वर्षी पोलिसांच्या कारवाईनंतर. कोस्टा रिकातलं डंडी रँच २००३ मध्ये. मेक्सिकोतलं कासा बाय द सी २००४ मध्ये, तेव्हा आत पाचशेहून जास्त मुलं होती. जमैकातलं ट्रँक्विलिटी बे मात्र १९९७ पासून २००९ पर्यंत चाललं. फी वर्षाला २५ ते ४० हजार डॉलरच्या घरात. आणि दुसरं कुटुंब आणून दिलं की आपल्या मुलाची एका महिन्याची फी माफ. तेव्हा “आमच्या मुलाचं आयुष्य बदललं” असं फोनवर गहिवरून सांगणाऱ्या पालकाला सवलत मिळते का, हे विचारायला लाजू नका.

ट्रँक्विलिटी बे जरा जवळून बघण्यासारखं आहे, कारण नावं बदलली तरी सांगाडा बराचसा तोच राहतो. सहा लेव्हल. पहिल्या लेव्हलला बोलायला, उठायला, बसायला, जागेवरून हलायलासुद्धा परवानगी घ्यावी लागे. चांगल्या वागणुकीचे पॉइंट, चुकीला कपात. घरी फोन तिसऱ्या लेव्हलला पोचल्यावर. नियम मोडत राहिला तर ‘ऑब्झर्वेशन प्लेसमेंट’, म्हणजे फरशीवर पालथं पडून राहायचं, बाजूला पहारेकरी. तास, दिवस, काहींच्या बाबतीत त्याहून जास्त.

आता यातली खरी मेख. मूल आत जाण्याआधीच आई-बापांना सांगितलेलं असतं: तो पत्रात रडेल, मारतात म्हणेल, जेवण देत नाहीत म्हणेल, हे सगळं घरी यायचे बहाणे आहेत, बळी पडू नका. पत्रं उघडून वाचली जातात. फोन झालाच तर शेजारी कर्मचारी बसलेला. म्हणजे तक्रार तोंडातून निघण्याआधीच खोटी ठरलेली. तक्रार केली की पॉइंट जातात, लेव्हल उतरते, घर लांबतं. गप्प बसलं की लेव्हल चढते. पोरगं मूर्ख नसतं. तीन-चार महिन्यांत ते शिकतं आणि गोड पत्रं येऊ लागतात. वेबसाइटवरचे हसरे चेहरे वरच्या लेव्हलचे असतात.

एखादा कर्मचारी वाईट निघाला, दुर्दैव, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. अंतर, तुटलेला संपर्क आणि आधीच खोटी ठरवलेली तक्रार, या तीन गोष्टी एकत्र केल्या की चांगला कर्मचारीसुद्धा चुकतो आणि ती चूक कुणाला दिसत नाही. डंडी रँचची गोष्ट यासाठी बोलकी आहे. २००३ च्या मे महिन्यात सरकारी अधिकारी आत गेले आणि त्यांनी मुलांना एवढंच सांगितलं की कोस्टा रिकाच्या कायद्यानुसार तुम्हाला इथे मनाविरुद्ध डांबता येत नाही. मुलांनी ते ऐकलं आणि केंद्रात एकच गोंधळ उडाला, कितीतरी जण कुंपणाबाहेर पळाले. त्यानंतर काही दिवसांतच डंडी रँच बंद झालं.

आणि हा सगळा जुना इतिहास आहे असं समजू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत जमैकातल्याच अटलांटिस लीडरशिप ॲकॅडमीतून तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेने आठ अमेरिकी मुलांना बाहेर काढलं.

जीव कसा जातो

अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण कार्यालयाने, जीएओने, ऑक्टोबर २००७ मध्ये अशा केंद्रांवर अहवाल दिला. १९९० पासूनचे छळाचे हजारो आरोप त्यात नोंदले आहेत. एकट्या २००५ साली ३३ राज्यांनी मिळून १,६१९ कर्मचाऱ्यांचा छळाच्या घटनांशी संबंध असल्याचं कळवलं होतं. त्यांनी दहा मृत्यू खोलात तपासले. त्यात १९९० सालची, युटातल्या एका प्रोग्रॅममधली पंधरा वर्षांची मुलगी आहे, उन्हात चालताना शरीरातलं पाणी संपून गेलेली. पोटातला अल्सर फुटून १९९४ मध्ये गेलेला सोळा वर्षांचा मुलगाही युटाच्या रानातलाच. दोघांच्याही बाबतीत कर्मचाऱ्यांना वाटलं, ढोंग करतात.

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. पोराला गरगरलं, ओकारी झाली, बोलणं असंबद्ध झालं तर आपल्याकडे अडाणी आजीसुद्धा ‘नाटकं करतो’ म्हणत नाही. आधी सावलीत ओढते, ओलं फडकं टाकते, रिक्षा बोलावते. ऊन लागण्याच्या पहिल्या खुणा आणि हट्टी मुलाचा चालायला नकार बाहेरून सारखेच दिसतात. ‘हे पोर खोटंच बोलतं’ असं शिकवलेल्या माणसाला त्यातला फरक दिसत नाही, आणि रानात पल्स बघणारं दुसरं कुणी नसतं.

दुसरं कारण धरून ठेवणं. मिशिगनमधल्या एका केंद्रात २०२० मध्ये सोळा वर्षांच्या मुलाने सँडविच फेकलं म्हणून अनेक कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर सुमारे बारा मिनिटं दाबून धरलं. दोन दिवसांनी तो गेला. छातीवर, पाठीवर किंवा पोटावर वजन आलं की फासळ्या आणि श्वासपटल हलत नाही. मूल जीव तोडून धडपडतं ते श्वासासाठी, वरच्यांना वाटतं अजून माज आहे, म्हणून जोर आणखी वाढतो. “बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे” हा समज घातक आहे. दोन शब्द बोलायला थोडीशी हवा पुरते, जगायला पुरत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलिनात ट्रेल्स कॅरोलिना या वाइल्डरनेस प्रोग्रॅममध्ये बारा वर्षांचा मुलगा पोचल्यापासून चोवीस तासांच्या आत दगावला. रात्री त्याला एकट्याच्या पिशवीवजा तंबूत झोपवलं होतं. शवविच्छेदनात कारण निघालं गुदमरणं. राज्याने त्याच वर्षी परवाना रद्द केला.

तिसरं कारण कमी गाजतं: औषधं. पोचल्या दिवशी चालू गोळ्या एकदम बंद करणं किंवा उलट, गप्प ठेवायला नव्या झोपेच्या गोळ्या देणं. नैराश्यावरच्या गोळ्या अचानक तोडल्या की चक्कर, चिडचिड, झोप उडणं; अल्प्राझोलमसारखी गोळी बरेच दिवस घेणाऱ्याची एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असलेल्या मुलाला कमी पाण्यावर उन्हात चालवणं म्हणजे रक्तात विष वाढवणं. लिथियमवरच्या मुलाने वाइल्डरनेसला जाऊच नये, हे माझं ठाम मत.

आपला कायदा काय म्हणतो, म्हणजे तुलना करता येईल

अनेकांना वाटतं, आपल्याकडे कायदे ढिले, तिकडे सगळं शिस्तीत. या बाबतीत उलट आहे, निदान कागदावर. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, स्वतंत्रपणे तपासायला हवं. मुलाला प्रौढ रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. आणि पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्ण मुक्कामभर मुलासोबत राहणार. मुलगी असेल आणि पालक पुरुष असतील तर सोबत बाईमाणूस. बहात्तर तासांत मानसिक आरोग्य आढावा मंडळाला कळवायचं. मुक्काम तीस दिवसांवर गेला तर मंडळाने सात दिवसांत आढावा घ्यायचा, मग दर तीस दिवसांनी. साखळीने बांधायला कलम ९५ ची पूर्ण बंदी. कलम ९७ नुसार एकांतकोठडी नाही, आणि धरून ठेवणं हे शिक्षा म्हणून कधीच नाही.

म्हणजे कोराडी रोडवरच्या १८६४ पासूनच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाने आपण नाकं मुरडतो, पण कायद्याने तिथे आई पोराच्या खाटेशेजारी असली पाहिजे. आणि लाखो रुपये घेणाऱ्या तिकडच्या केंद्रात आईला तीन महिने आवाजही ऐकू देत नाहीत.

(इथलीसुद्धा सगळी व्यसनमुक्ती केंद्रं कायदा पाळतात असं नाही. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर नसेल आणि ‘पेशंटला पहिला महिना भेटता येणार नाही’ म्हणत असतील, तर ते जमैकाचंच खेडेगावातलं रूप समजा. तिथूनही उठून यायचं.)

अमेरिकेतही सगळीकडे अंधार नाही. युटाने २०२१ मध्ये कायदा कडक केला: दर आठवड्याला कुटुंबाशी खासगी बोलणं, सरकारी तपासण्या, शिक्षा म्हणून औषधाने गुंगवण्याला चाप. डिसेंबर २०२४ मध्ये ‘स्टॉप इन्स्टिट्यूशनल चाइल्ड अब्यूज ॲक्ट’ हा केंद्रीय कायदाही झाला. पण तो मुख्यतः अभ्यास आणि माहिती गोळा करण्यापुरता आहे. त्यामुळे केंद्र कोणत्या राज्यात आहे हे आधी विचारा. त्या राज्याच्या परवाना खात्याच्या संकेतस्थळावर केंद्राचं नाव टाकून तपासणी अहवाल वाचा. नाव बदललेलं असू शकतं, म्हणून पत्ता टाकूनही शोधा. बंद पडलेलं केंद्र त्याच इमारतीत, त्याच माणसांसह, नव्या पाटीखाली उघडणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

सही करण्याआधी

करार पूर्ण मागवा, माहितीपत्रक नव्हे, आणि इंग्रजी करार वाचू शकणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. पंधरा-वीस पानांत पाच-सहा कलमं शोधायची असतात. तात्पुरतं कुलमुखत्यारपत्र: त्यात मुलाचा ताबा, शारीरिक बळ वापरण्याची संमती आणि ‘गरज वाटल्यास दुसऱ्या केंद्रात हलवण्याचा’ अधिकार एकत्र बांधलेला असतो. हे तिसरं वाक्य सर्वांत घातक, कारण सहा महिन्यांनी मूल तुम्ही कधी न पाहिलेल्या राज्यात किंवा देशात असू शकतं. मग नुकसानभरपाईचा हक्क सोडण्याचं कलम. वाद झाल्यास लवाद कुठे बसेल ते कलम. आगाऊ घेतलेली फी परत न मिळण्याचं कलम. मुलगा पळाला तर शोधण्याचा खर्च तुमचा, हेही असतं. शेवटी कुटुंबाशी संपर्क ‘उपचाराच्या गरजेनुसार’ ठरेल, असं एक मऊ वाक्य. त्याचा अर्थ वर सांगितलाच आहे. मुखत्यारपत्राला नोटरी आणि परराष्ट्र मंत्रालयाचा ॲपोस्टिल (परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का) मागत असतील तर तेवढ्यात पुन्हा एकदा विचार करायला वेळ मिळतो, तो वापरा.

प्रश्न फोनवर विचारू नका, ई-मेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी मिळतं. पहिल्या दिवसापासून मुलाला आमच्याशी मराठीत, शेजारी कुणी नसताना बोलता येईल का? मराठीत म्हटल्यावर उत्तर फार पटकन कळतं. ‘फक्त इंग्रजीत बोलावं लागेल’ याचा अर्थ कुणीतरी ऐकणार आहे. भिंतीवर बालसंरक्षण हेल्पलाइनचा नंबर लावलेला आहे का, आणि मुलाला तो स्वतः फिरवता येतो का? रात्री किती मुलांमागे किती जागे कर्मचारी? रजिस्टर्ड नर्स चोवीस तास आहे का, जवळचं हॉस्पिटल गाडीने किती मिनिटांवर? मानसोपचारतज्ज्ञाचा परवाना क्रमांक काय? गेल्या वर्षी किती वेळा मुलांना धरून ठेवावं लागलं? शेवटच्या प्रश्नाला ‘एकदाही नाही’ असं उत्तर आलं तर खोटं असण्याची शक्यता जास्त. प्रामाणिक केंद्र आकडा सांगतं आणि तो कमी कसा केला तेही सांगतं. न कळवता भेटायला आलो तर आत सोडाल का, हेही विचारा.

त्यात एक मोठा प्रकार ‘ट्रान्सपोर्ट’चा. पहाटे तीन-चारला दोन दांडगी माणसं येतात, मुलाला झोपेतून उठवतात, “सोप्या पद्धतीने की अवघड पद्धतीने?” विचारतात आणि घेऊन जातात, आई-बापांनी दाराआड थांबायचं असतं. नातेवाइकाकडे सुट्टीला म्हणून मुलाला न्यूजर्सीला पाठवायचं आणि तिथून हे करायचं, असाही सल्ला दिला जातो. तो ऐकू नका. मुलाचा विश्वास जातो तो त्या पहाटे, आणि पुढचा कुठलाही उपचार विश्वासावरच उभा असतो.

अंतराचा हिशोबही मांडून ठेवा. युटा आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा तास मागे. त्यांचं ऑफिस सकाळी नऊला उघडतं तेव्हा नागपुरात रात्रीचे साडेआठ किंवा साडेनऊ. मुंबई किंवा दिल्ली गाठून तिकडे पोचायला दीड दिवस धरा. त्यामुळे आई-बापांपैकी एकाचा चालू व्हिसा हातात असल्याशिवाय मुलाला पाठवायचंच नाही. आणि मुलाचा जन्म तिकडचा असून त्याच्याकडे अमेरिकी पासपोर्ट असेल, तर भारतीय दूतावास त्याच्यासाठी काही करू शकत नाही. जमैकात अडकला तर अमेरिकी दूतावास गाठावा लागेल. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्डाने यात फरक पडत नाही.

आधीच पाठवलं असेल तर

घाबरून केंद्राला धमक्या देऊ नका. सगळा भार मुलावर पडतो. आधी त्याच दिवसाचा व्हिडिओ कॉल मागा, एकांतात. नाकारला तर नकार लेखी घ्या. मग दोन्ही पालकांच्या सहीचं पत्र: कुलमुखत्यारपत्र रद्द, संमती मागे, अमुक तारखेला मुलाला अमुक व्यक्तीकडे सोपवा, पासपोर्ट आणि औषधं सोबत द्या. ते ई-मेलने आणि कुरियरने, दोन्ही मार्गांनी पाठवा. दूतावासाकडे पहिला अडसर पालकांच्या संमतीचाच असतो, म्हणून हे पत्र सर्वांत मोठं हत्यार. त्याची प्रत जोडून परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाला लिहा. वाणिज्यदूताशी संपर्काचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारात आहे. जमैकात चाइल्ड प्रोटेक्शन अँड फॅमिली सर्व्हिसेस एजन्सी, अमेरिकेत त्या राज्याची बालसंरक्षण हॉटलाइन. आणायला घरचं माणूस जावं, आणि गेल्यावर केंद्राच्या आवारात रात्र काढू नये.

परत आल्यावर एक-दोन दिवसांत डॉक्टरी तपासणी: वजन, वळ आणि जखमांचे तारखेसह फोटो, रक्ततपासणी, औषधांची यादी. केंद्राकडून वैद्यकीय नोंदी आणि घटनांचे अहवाल लेखी मागवा.

मग इथे काय करायचं?

सर्वांत आधी निदान. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्सच्या मानसोपचार ओपीडीत कागद काढा, किंवा धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी तज्ज्ञाकडे जा. ‘बिघडलेला’ हे निदान नाही. त्यामागे नैराश्य असतं, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा, अतिचंचलतेचा विकार) असतो, कधी नववीपर्यंत कुणाच्या लक्षात न आलेली अध्ययन अक्षमता असते. ती प्रमाणित झाली तर दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलती मिळतात आणि घरातली अर्धी भांडणं कमी होतात. गेमिंगचं म्हणाल तर डब्ल्यूएचओच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ म्हणायला साधारण बारा महिन्यांचा नमुना बघतात; परीक्षेनंतरचा पब्जीचा महिना त्यात बसत नाही.

गांजा सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, झोप उडणं सुरू होतं, पहिल्या आठवड्यात शिगेला जातं, साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. याच दिवसांत आई-बाप म्हणतात ‘आणखीच बिघडला’ आणि परदेशाची लिंक उघडतात. तेवढे चौदा दिवस काढा. दारू किंवा झोपेच्या गोळ्या मात्र घरी एकदम बंद करू नका, त्याला हॉस्पिटलच लागतं. मूल स्वतःला इजा करत असेल तर घरातल्या गोळ्या कुलपात, एकावेळी एकच पाकीट बाहेर. शेती असेल तर फवारणीची औषधं घरातून आजच हलवा. रात्री कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही. मुलावर कुठल्याही संस्थेत अत्याचार होत असेल तर १०९८.

अशा मुलांसाठी ज्या पद्धतींना पुरावा आहे त्यांचा केंद्रबिंदू घर आहे. ब्रिटनमधल्या एनआयसीई या उपचारांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनात ११ ते १७ वयाच्या गंभीर वर्तनसमस्येसाठी कुटुंब, शाळा आणि मित्र यांच्यासह तीन ते पाच महिने करायचं काम सुचवलंय. उलट बिघडलेल्या मुलांना एकत्र कोंबलं की ती एकमेकांकडून शिकतात, हे १९९९ मध्येच डिशियन, मॅककॉर्ड आणि पुलँ या संशोधकांनी दाखवून दिलं. आपल्याकडे ‘नासका आंबा’ म्हणतात, तेच. फरक एवढाच की इथे पेटीतला प्रत्येक आंबा नासका म्हणूनच निवडलेला. त्यात पॉइंटवर शिकवलेली शिस्त पॉइंट असतात तोवरच टिकते, आणि मनीषनगरातल्या फ्लॅटमध्ये लेव्हल नसतात.

शेवटचा व्यवहारी मुद्दा वाया गेलेल्या वर्षाचा. परदेशी केंद्राने दिलेला हायस्कूलचा दाखला इथे चालेलच असं धरून चालू नका. २००५ साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने आयव्ही रिज या केंद्राला अडीच लाख डॉलरचा दंड केला, कारण मान्यता नसताना त्यांनी दाखले वाटले होते. परत आलेल्या मुलाला जुन्या वर्गात, वर्षाने लहान मुलांत बसायचं नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं, किंवा एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा) पर्याय आहे. फॉर्मच्या तारखा बोर्डाच्या संकेतस्थळावर लागतात आणि परीक्षेच्या बऱ्याच आधी संपतात, तेवढ्या बघून ठेवा. अर्ज करताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, म्हणून मुलाला कुठेही पाठवलं तरी तो घरच्या कपाटातच राहू द्या. तिकडे झेरॉक्स पुरते.